बोटावरचा दोरा

मासा लागत नसेल तर दोष माशाचा नसतो, जोडणीचा असतो, अशी माझी ठाम समजूत होती. मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे. एखादी गोष्ट चालत नसली की एका वेळी एकच भाग बदलायचा आणि बघायचं, ही सवय अंगात इतकी मुरली आहे की आमटी बिघडली तरी मी तेच करते.

त्या वर्षी बाबा सहा महिन्यांसाठी आमच्याकडे अमेरिकेत, रेडमंडला आले. आई आदल्या हिवाळ्यात गेली होती. परतीचं तिकीट काढूनच ते आले होते. सप्टेंबरात जाणार, नागपूरच्या घरात एकटे राहणार आणि या विषयावर चर्चा नको, हे त्यांनी विमानात बसण्याआधी फोनवरच सांगून टाकलं होतं. बाबांनी जन्मभर आयटीआयमध्ये फिटर ट्रेड शिकवला. कानस मारलेल्या लोखंडावरून बोट फिरवून केसाएवढा उंचवटा ते सांगायचे. मुलं मागून मोजून बघायची आणि गप्प बसायची.

अपार्टमेंटमध्ये त्यांना करण्यासारखं काही नव्हतं. लहानपणी ते भंडाऱ्याकडच्या तलावांवर मासे धरायचे, म्हणून मी दोघांची मासेमारीची लायसन्स काढली, दोन रॉड आणले. नवरा म्हणाला, “अगं, ट्राउट दुकानात साफ करून मिळतो यार, थंडीत कुडकुडायची काय हौस?” पण बाबांची कळी खुलली. शनिवारी सकाळी बुद्धवंदना व्हायची, पंचशील म्हटलं जायचं, आणि पहिलंच शील जीवहत्या न करण्याचं असूनही उठता उठता ते विचारायचे, “बारीक गळ आणले काय?” मी हसले की म्हणायचे, “बाजारातला मासा काय आत्महत्या करून येते?”

जोडणी मी व्हिडिओ बघून शिकले. भोक असलेल्या शिशाच्या गोळीतून दोरा ओवायचा, खाली एक मणी, मग फिरकी, फिरकीला हातभर बारीक दोरा आणि टोकाला गळ. शिसं तळाशी बसतं आणि गळाला लावलेलं आमिष गवताच्या वर तरंगत राहतं. मासा तोंड लावतो तेव्हा दोरा शिशातून सरकतो, त्यामुळे त्याला वजन जाणवत नाही. दोऱ्याखाली ठेवलेल्या बोटाला मात्र ती ओढ कळते. जवळच्या तळ्यावरच्या पहिल्या खेपेला बाबांनी हिंग घातलेली कणीक मळून आणली. ती सरळ तळाला जाऊन गवतात बसली. मग दुकानातलं तरंगणारं गुलाबी, चमकीचं पीठ आणलं. ते बघून त्यांनी नाक मुरडलं, पण लावलं.

“फ्लोट लावायचा का? मासा लागला की बुडतो, लगेच दिसतं,” मी विचारलं.

“धांडा पोरं लावतात,” बाबा म्हणाले. त्यांच्या लहानपणी दोऱ्याला ज्वारीच्या धांड्याचा तुकडा बांधायचे आणि तो बुडाला की ओढायचे. मोठी माणसं बोटावर मासा ओळखायची.

मला अधूनमधून एखादा ट्राउट मिळायचा. बाबांना मिळेना. ते मधेच जोरात रॉड ओढायचे तेव्हा गळ रिकामा यायचा, आणि कधी निवांत बसून राहायचे तेव्हा आमिष खाऊन मासा पसार झालेला असायचा. मी कामाला लागले. एका शनिवारी त्यांचा खालचा दोरा लांब केला, पुढच्या शनिवारी आणखी बारीक घेतला. मग गळ लहान केला, शिसं हलकं केलं, गुलाबीच्या जागी पिवळं लावलं. कशानेच फरक पडला नाही. शेवटी म्हटलं, “बाबा, तुमचा रॉड द्या बरं, माझा मला जड होतो.” त्यांच्या रॉडने मी दोन मासे काढले. माझ्या रॉडने त्यांनी एकही काढला नाही.

बदलण्यासारखं आता काही उरलं नव्हतं. मी त्यांच्या हाताकडे बघितलं. वारा नव्हता, पाणी स्थिर होतं, आणि बोटावरचा दोरा थरथरत होता.

आल्यापासून ते चहा अर्धाच कप मागत होते. बटणांचे शर्ट बॅगेतच राहिले होते, रोज टीशर्ट असायचा. मी प्रत्येक गोष्टीला वेगळं कारण देऊन मोकळी झाले होते: साखर, मग हवामान. त्या काठावर मला भीती वाटली, आणि सप्टेंबरच्या त्या तिकिटाचा संताप आला. पण आमच्या घरात एकाचं दुखणं दुसऱ्याने बोलून दाखवायचं नसतं. मी मासे बर्फात ठेवले आणि आम्ही घरी आलो.

पुढच्या शनिवारी मी दोन्ही रॉडना लाल फ्लोट बांधून नेले.

बाबांनी ते हातात घेऊन बघितले. “दोन्हीले धांडा? काहून?”

“मला बोटावर नीट कळत नाही, बाबा.”

“तुला कळते. मागच्या शनिवारी दोन काढले तू.” त्यांनी गळ पाण्यात टाकला आणि खुर्चीत बसले. मग फ्लोटकडे बघत म्हणाले, “माझं बोट आपणच हलून राहिलं. मासा कोणता आणि मी कोणता, समजत नाही. तुझी आई होती तवापासूनच आहे हे.”

“आईला माहीत होतं?”

“तीच तर कप अर्धा भरत होती.”

तेवढ्यात त्यांचा फ्लोट एकदा डुचमळला आणि सरळ खाली गेला. बाबांनी ओढलं, अगदी वेळेवर. चांगला दीड वितीचा ट्राउट होता. माशाच्या तोंडातला गळ स्वतःच काढायचा, ही त्यांची जुनी सवय. आज त्यांनी मासा माझ्यापुढे धरला. “गळ तू काढ.”

मी काढला. “बघा, काढलात की नाही!” मी म्हणाले. आवाज जरा जास्तच आनंदी निघाला.

“मी काय काढला! धांड्यानं सांगितलं म्हणून निघाला.” ओला हात पँटला पुसत ते म्हणाले, “नागपूरच्या घरात कोण सांगणार आहे?”

मी मासा बर्फात ठेवला. मग म्हटलं, “मी सांगते. जाऊ नका.”

बाबांनी पाण्याकडेच बघत रिकामा गळ माझ्या हातात दिला. “लाव मग,” ते म्हणाले. “पिवळं लाव.”