मुका कीबोर्ड

युसूफ वडगावच्या बाजारगल्लीत शिवकन्याचं टायपिंगचं दुकान हाय. दुकान म्हणजे काय, एक टेबल, त्यावर कंप्युटर, बाजूला झेरॉक्सचं मशीन आणि गिऱ्हाईकाला बसायला भिंतीकडंला एक फळी. दिवसभर ती लोकांचे अर्ज करून देती. उत्पन्नाचा दाखला, पीकविमा, रेशनकार्डात सुनंचं नाव चढवायचं, मेलेल्या सासऱ्याचं उतरवायचं. संध्याकाळी शटर अर्धं खाली आलं की कानाला हेडफोन लावून तासभर बंदुकीचा खेळ. बीडला क्लास करणारी तिची मैत्रीण आरोही तिकडून आणि ही इकडून, दोघी मिळून पडद्यावर माणसं लोळवायच्या. "दिवसा दाखले काढती अन् सांजच्याला मुडदे पाडती," असं गल्लीतली पोरं म्हणायची, पण जरा लांब उभं राहूनच म्हणायची.

तिचा जुना कीबोर्ड औताच्या जुवाएवढा लांब. टेबलावर तो बसला की माऊसला वीतभर जागा उरायची. खेळात दुश्मन समोर उभा आणि हिचा माऊस कीबोर्डाच्या कडंला धडकलेला. मंग काय, मेलीच. वर त्याच्या वायरीत गिऱ्हाईकांच्या पिशव्या अडकायच्या. एकदा एका म्हातारीनं पिशवी उचलली तर सोबत कीबोर्डबी निघाला पायऱ्या उतरून. आठवड्याच्या बाजारात कुणाचा तरी चहा त्याच्यावर सांडला आणि त्याची अर्धी बटनं कायमची बसली.

"शिवे, आता छोटा घे," आरोही फोनवर म्हणाली. "बिनवायरचा. अन् मेकॅनिकलच घे."

"म्हंजी कसला?"

"म्हंजी हरेक बटनाखाली त्याची त्याची स्प्रिंग. टेकवलं बोट की उमटलं. तुझ्या अर्जालाबी बरा अन् गोळ्या झाडायलाबी."

शिवकन्याला ते पटलं. पण घरात एक माणूस होता, तिचा बाप शहादेव. बापाला ती दादा म्हणती. शहादेव आणि मंजुळाबाई, दोघं मिळून एक कोयता. आमच्या भागात ऊसतोडीला नवरा-बायकोची जोडी एक कोयता म्हणूनच मोजत्यात. दसरा सरला की धोंडीराम मुकादमाच्या टोळीसंगं ट्रॅक्टरवर बसून कारखान्याला. शिवकन्या शिकायला म्हणून आजी साखराबाईपाशी मागं राहायची. आता शिक्षण संपलं, तर शहादेवनं सरळ सांगून टाकलं होतं.

"दुकान चाललं तर ऱ्हा. न्हाई चाललं तर यंदा चल उसाच्या फडात. माशा मारायला मी पोरगी मागं ठेवायचा न्हाई."

"चाललं का न्हाई हे कोण ठरवणार?"

"मुकादम. टोळीतल्या समद्यांचे ओळखपत्राचे अर्ज भरायचेत. ते काम धोंडीराम तुला देतो का समोर ओट्यावर टायपिंग करणाऱ्या हनुमानला, ते बगू. धोंडीरामासारखा चिकट माणूस तुझ्या फळीवर बसला, तर दुकान खरं."

धोंडीराम हा असा गडी, की केळी घेताना आधी साल सोलून बघायचा. शिवकन्या समजली, की यंदा दसऱ्याआधीच सीमोल्लंघन हाय.

कीबोर्ड आणायला ती बीडला निघाली तर शहादेवबी चप्पल घालून तयार. "बैल असो, कोयता असो, न्हाईतर जावई असो, म्या बगितल्याबिगर वस्तू घरात येत न्हाई."

"म्हणूनच जावई अजून आला न्हाई," मंजुळाबाई चुलीपासून म्हणाली.

बीडच्या स्टँडवरून आटोनं दोघं दुकानात गेली. दुकानदार विजयसिंह, केसाला तेल चोपडलेलं, कानात कायतरी खुपसलेलं, पण पोरगा बोलायला गोड. त्यानं आधी सगळ्यात बारका कीबोर्ड पुढं केला. शिवकन्यानं उलटापालटा केला. "बाणाची बटनं कुठंयत?"

"ती नाहीत ना मॅडम. दुसरं एक बटन धरून ठेवायचं, मग बाण चालतात."

"फारमच्या एका खान्यातून दुसऱ्या खान्यात जायला मी इळभर बटन धरून बसू का? ठेवा माघारी."

दुसऱ्याला बाण होते. उजवीकडचा आकड्यांचा गठ्ठा तेवढा कापलेला. तिनं वरच्या ओळीतले आकडे मारून पाहिले. आधारचे नंबर तिथूनच निघतील, तेवढीच माऊसला हातभर जागा. मंग बिनवायरचं प्रकरण. ब्लूटूथ मोबाइलला बरं, पण खेळताना बटन आत्ता दाबावं आणि गोळी थांबून सुटावी असं होतं म्हणून तिनं नखाएवढा रिसीव्हर काउंटरवरच्या कंप्युटरला खुपसायला लावला आणि तिथंच खेळातल्या दोन उड्या मारून बघितल्या. चार्जिंग किती टिकतं तेबी विचारून घेतलं, कारण वडगावची लाईट कुणाची बांधील न्हाई.

आता राहिली स्प्रिंग. विजयसिंहानं निळी, तपकिरी आणि तांबडी अशी नमुन्याची बटनं मांडली. निळं दाबलं की कट्ट कट्ट वाजायचं. तपकिरी बोटाला नुसती टिचकी द्यायचं. तांबडं म्हणजे लोण्यात बोट, आवाज नावाला.

शहादेवनं कान लावून तिन्ही वाजवली. "निळं घे. दाबलेलं कळतं तरी."

"दादा, माझ्या हेडफोनातून समदा आवाज आरोहीच्या कानात जातोय. जुन्यालाच ती म्हणायची, तू तिकडं शेंगा फोडायलीस का? निळं घेतलं तर मला टीममधून काढील ती."

"कामाचं बग. खेळाचं काय कौतुक?"

"दोन्हीचं बगायलेय म्हणून तर एकच घ्यायलेय."

तांबडं ठरलं. शहादेवनं खांद्यावरचं उपरणं काढलं, विजयसिंहाचा हात धरला, वरून उपरणं टाकलं आणि आतल्या आत त्याची बोटं दाबायला लागला. बैलबाजारात भाव असाच होतो. किती बोटं दाबली ते दोघांनाच ठाऊक, भोवतालच्याला कायबी कळत न्हाई. पण विजयसिंहाच्या बापानंबी बैल घेतला नसावा. त्याचं तोंड एकदम पांढरं पडलं.

"काका, हे काय करताय?"

"भाव सांग."

"तोंडानं सांगतो ना!"

"तोंडानं सांगितला की मागची गिऱ्हाइकं ऐकत्यात. तुझाच तोटा. दाब बोटं."

पोरानं हात सोडवायला अशी धडपड केली की उपरण्याखाली कायतरी दाबलं गेलंच. "जमला सौदा!" शहादेवनं उपरणं झटकलं. "पोरगं रास्त हाय." आपण कोणत्या भावाला हो म्हणालो, हे विजयसिंहाला शहादेवकडूनच कळलं. त्यानं एकदा उपरण्याकडं बघितलं, एकदा मागं हसणाऱ्या गिऱ्हाइकांकडं, आणि गुमान खोकं बांधलं.

कीबोर्ड झकास होता. तळहाताच्या दीडदोनपट, ना वायर ना पसारा. आणि आवाज असा की मांजर चाललं तरी त्याच्यापेक्षा जास्त यावा. खेळात तर शिवकन्या आठवडाभर मेलीच न्हाई.

दुकानात मात्र भलतंच झालं. पहिली आली वच्छलाबाई, उत्पन्नाच्या दाखल्याला. शिवकन्याची बोटं भरभर फिरली. "झालं, मावशी."

"काय झालं?"

"अर्ज."

"कवा? मी इथंच बसलेय की."

"आत्ता टाइप केला न्हाई का तुमच्या म्होरं."

"तू तर नुसतं त्याला हळदकुंकू लावल्यावानी केलंस. आवाज कुटाय?"

वच्छलाबाईनं कागद घेतला, उन्हाला धरून बघितला, आणि समोर हनुमानकडं जाऊन तोच अर्ज पुन्हा करून घेतला.

वच्छलाबाईला तरी का बोल लावावा? पहिल्यापासून तहसिलापुढं टाइपरायटरवाले बसायचे. खडखड खडखड, ओळ सरली की घंटी. जेवढी खडखड जास्त तेवढा अर्ज जोरदार, साहेबाला तेवढाच हलवणार, हे आमच्या माणसांच्या डोक्यात पक्कं बसलेलं. हनुमान किराणा दुकानाच्या ओट्यावर जुनाट कीबोर्ड घेऊन बसायचा. दोनच बोटांनी हाणायचा, पण असा हाणायचा की गल्लीच्या तोंडापर्यंत कळावं, काम चाललंय. चुका ढीगभर. पण चुका वाजत न्हाईत.

हळूहळू शिवकन्याची फळी रिकामी व्हायला लागली. हनुमान ओट्यावरून ओरडायचा, "काय ताई, मौन धरलंय का कीबोर्डानं? श्रावण तर कवाच सरला!"

"तुझा तेवढा बोंबलतो, तेच बास हाय गावाला," ती म्हणायची. पण आतून तिला उसाचा फड दिसायला लागला होता.

अन् अशात धोंडीराम मुकादम आला. समदी टोळी आणायच्या आधी त्यानं स्वतःचा एक अर्ज करायला दिला, केळी सोलल्यावानी. शहादेवबी फळीच्या कोपऱ्याला येऊन बसला. शिवकन्यानं जीव लावून अर्ज भरला. धोंडीरामनं चष्मा लावून अक्षर न् अक्षर वाचलं.

"चूक न्हाई," तो म्हणाला. "पण पोरी, तू माझा अर्ज भरायलीस का तुपलं दुसरंच काय करायलीस, मला बसल्या जागी कळंना."

"मुकादम, कागद हाय की हातात."

"मला वाचता येतं. टोळीतल्या अर्ध्यांना येत न्हाई. त्यांला ऐकू येतं. उद्या एखादा म्हणला, माझा भरलाच न्हाई, पोरगी नुसती बसून होती, तर कारखान्यावर माझं डोकं खाईल. बाजारादिवशी समदे घेऊन येतो. कुणापाशी बसायचं ते तवा बगू."

तो गेला. शहादेवनं उठता उठता एवढंच म्हटलं, "निळं घे म्हणत होतो."

शिवकन्यानं आरोहीला फोन लावला. "निळंच घ्यायला पाहिजे होतं गं."

"मंग माझ्यासंगं खेळू नको. कान गहाण न्हाई टाकला मी." आरोही म्हणाली. "पण येडे, खोक्यात चिमटा होता का एक?"

"होता. मला वाटलं साफसफाईचा हाय."

"बटनं उपटायचा हाय तो. वरचं टोपण काढायचं, खालची स्प्रिंग उपटायची, दुसरी खोचायची. तुझ्या कीबोर्डाला चालतं ते. थांब, मी आणती निळ्या."

दुसऱ्या दिवशी जीपवाल्याच्या हाती मूठभर निळ्या स्प्रिंगांची पुडी आली. आरोहीनं सांगितलं, विजयसिंहानं निरोप दिलाय: परत लागल्या तर मागा, पण काकाला पाठवू नका.

दुपारच्याला मायलेकी दुकानात चिमटा घेऊन बसल्या. शिवकन्या समदीच बटनं बदलायला निघाली, तशी मंजुळाबाईनं तिचा हात धरला. "समद्याला कावून? बैलाच्या अंगभर घुंगरं बांधतो का आपण? गळ्यात बांधतो. घडीघडीला लागणारं बटन कोणतं ते सांग."

"हे लांबलचक. दोन शब्दांच्या मधी लागतं. अन् हे एंटर, ओळ सरली की."

"मंग त्या दोघांलाच वाजव."

तसंच केलं. बाकी बटनं मुकी; स्पेसला टाक, एंटरला ठाक. त्या संध्याकाळी खेळायला बसल्यावर ध्यानात आलं, की खेळात उडी मारायचं बटनबी तेच लांबलचक.

"भिताडावरून उडी मारलीस ना?" आरोही हेडफोनात किंचाळली.

"तुला कसं कळलं?"

"समद्या बीडला कळलं! आता उड्या बंद. दारातून जात जा माणसासारखी."

बाजारादिवशी धोंडीराम टोळी घेऊन आला आणि गल्लीच्या मधोमध उभा राहिला. एका बाजूला हनुमान जोरात हाणायला लागला. इकडं शिवकन्यानं मान खाली घातली आणि फळीवर बसलेल्या भारत नावाच्या गड्याचा अर्ज सुरू केला. त्याचं नाव, टाक. बापाचं नाव, टाक. आडनाव, ठाक! भारत ताठ बसला. "माझा निघाला बरं का," त्यानं मागच्याला सांगितलं. धोंडीरामनं कान दिला. थोडं ऐकलं. मंग शिवकन्याच्या फळीवर येऊन बसला, अन् त्याच्यामागं आख्खी टोळी.

पोरीला मंग चेव आला. नाव मारून झालं की ती उगाच आणखी स्पेस हाणायची आणि मुक्या बटनानं गुपचूप पुसून टाकायची. त्यातबी भांडण लागलं. एक म्हातारा म्हणाला, "भारतच्या वक्ताला लई वाजलं. माझं कमी कावून?" तिनं त्याला चांगले चार ठोके जास्तीचे दिले. म्हाताऱ्यानं ते मोजून घेतले. समोरून हनुमान चहाचा ग्लास घेऊन बघायला आला. "केवढासा हाय बे हा," तो म्हणाला, "अन् केवढा टेचात वाजतोय." कुणी त्याच्याकडं बघितलं न्हाई, कारण नंबर जाईल ह्या भीतीनं समद्यांचं लक्ष फळीवर होतं.

शहादेव तर सकाळपासून दारात उभा. त्याला कुणी सांगितलं नव्हतं, पण उपरणं हातात घेऊन तोच रांग लावायला लागला होता. स्वतःचा अर्जबी त्यानं रांगेतच भरला. उन्हं कलली तशी माणसं कमी झाली. धोंडीरामनं राहिलेली नावं हाताच्या बोटांवर मोजली.

"शहादेवचा झाला. मंजुळाबाईचा आता होईल. अन् शिवकन्या, तुझाबी घाल त्यातच. यंदा तू येणार म्हणलता नं शहादेव?"

शिवकन्याची बोटं बटनांवर तशीच राहिली. तिनं बापाकडं बघितलं. मंजुळाबाईनंबी बघितलं. शहादेवची पाठ होती. तो एका घुसखोराला दंडाला धरून मागं ओढत होता.

"तिचा कावून?" तो तसाच पाठमोरा म्हणाला. "ती आली तर हितं ह्या माणसांला कोण आवरील? मागं हो बे तू! रांग कुटून लागलीय दिसत न्हाई का?"

धोंडीरामनं एक बोट मिटलं. मंजुळाबाई फळीवर बसली, पदर डोक्यावरून नीट ओढला आणि मोबाइलच्या कॅमेऱ्याकडं तोंड करून लेकीला म्हणाली, "मंग आधी माझा फोटू काढ. उजेडात काढ. मागल्या टायमाला लई काळी आलते."