विमलबाईंची न थांबणारी खूण

विमलबाईंचा राग मी बघितलाय. आवाज चढत न्हाई. राग नुसता सांभाळून ठेवतात. मी शरणप्पा, बीदरकडल्या एका पॉलिटेक्निकात कॉम्प्युटरच्या खोलीचा शिपाई. गोष्ट अठ्ठ्याऐंशी सालची.

बाई संतपूरच्या, बौद्ध घरातल्या. लहानपणी गिरणीवर दळणाचा डबा रांगेत ठेवून बाजारला जायच्या. परत येईपर्यंत कुणीतरी तो मागं सारलेला असायचा. ते त्या विसरल्या न्हाईत. पुढं शिकून आमच्याकडं शिकवायला आल्या, आन् कॉम्प्युटरसाठी स्वतःची एक छोटी भाषा रचली. फ्लॉपीवरून मार्क वाचायला सांगितले की मशीन तोवर ठप्प बसायचं. बाईंनी आकड्याला दिलेल्या नावापुढं दोन बाणांची खूण काढली. खुणेचा अर्थ असा, की किंमत, म्हणजे खरा आकडा, मागून येईल; नावानं जागा धरायची, मशीननं पुढच्या कामाला लागायचं. ते नाव वापरायची वेळ आली आन् किंमत आलेली नसली, तरच थांबायचं. पोरांना त्यांनी हे डब्याचंच उदाहरण देऊन सांगितलं.

आमचे साहेब सिद्धलिंगप्पा तिथंच सगळ्यांसमोर हसले. "गिरणीची अक्कल इथं कामून चालवायलाव, बाई?"

वर्षानं बंगळूरहून तपासणीची कमिटी यायची ठरली, तर ह्याच भल्या माणसानं त्या भाषेच्या टिपणावर स्वतःचं नाव घातलं.

"आन् माझं नाव?" बाईंनी विचारलं.

"शेवटी आभारात घालतो की. आन् ऐका, कमिटीपुढं मशीन कुठंच थांबायला नको. ते थांबणं काढून टाका."

"लिहून द्या, सर."

साहेबांनी ऐटीत लिहून दिलं. मी म्हटलं, बाई, काय होईल ते सांगा की त्यांना. म्हणाल्या, "शरणप्पा, गप बसा."

कमिटीपुढं साहेबांनी बटण दाबलं. मशीन कुठंच थांबलं न्हाई. कागद आला तर सगळ्या पोरांना शून्य! मार्क यायच्या आतच बेरीज होऊन गेली होती. कमिटीतल्या म्हाताऱ्यानं विचारलं, असं का? साहेब बाईंकडं वळले.

"बाई, सांगा ह्यांना."

"मी कशी सांगू, सर? माझं नाव तर आभारात हाय."

मला लई गार वाटलं, खोटं कशाला बोलू. म्हाताऱ्यानं चष्मा काढला. "मग भाषा केली कुणी?"

बाई साहेबांकडं बघत राहिल्या. शेवटी साहेबांनीच स्वतःच्या तोंडानं बाईंचं नाव घेतलं.

"ऐकू आलं न्हाई, सर," बाई म्हणाल्या. साहेबांना ते नाव पुन्यांदा, मोठ्यानं घ्यावं लागलं.