बाबांचे सात किलो

आमच्या कंपनीला गेल्या वर्षी अचानक आमच्या तब्येतीची काळजी वाटू लागली. वागळे इस्टेटमधलं आमचं ऑफिस म्हणजे उन्हाळ्यात भट्टी. बायकांच्या संडासाची कडी दोन वर्षं तुटलेली. त्याचं कोणाला काही नव्हतं. पण एका सोमवारी कॉन्फरन्स रूममध्ये कोच मॅडम आल्या आणि भात हे विष आहे असं सांगून गेल्या.

मॅडमचं वय तिशीच्या आत. कुठलासा ऑनलाइन कोर्स केलेला. दर दोन वाक्यांनी ‘बॉडीचं ऐका’ म्हणायच्या आणि आमचं कोणाचंच ऐकायच्या नाहीत. त्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप काढला. रोज ताटाचा फोटो टाकायचा. ज्याचं ताट चांगलं त्याला तारा. चाळिशी ओलांडलेली आम्ही माणसं त्या ताऱ्यासाठी बालवाडीतल्या पोरांसारखी धडपडायला लागलो, आणि सगळ्यात पुढे मी.

त्याला कारण होतं. मी कळव्याची, मूळ गावातली. पूर्वी शेती आणि मिठागरं असलेलं आमचं घर. नोकरीला लागले तेव्हा मी डब्यात सुकट-भाकरी नेलेली. झाकण उघडताच शेजारची बाई उठून खिडकी उघडायला गेली. त्यानंतर कितीतरी वर्षं मी जिन्यातल्या वळणावर उभ्याने डबा खाल्ला. आता तीच बाई माझ्या परदेशी किन्वाच्या फोटोला टाळ्या वाजवत होती. मला वाटलं, जिंकले. असली जिंकण्याची हौस माणसाला किती मूर्ख करते, ते पुढे कळलं.

आई गेल्यापासून बाबा आमच्याकडे राहतात. वय शहात्तर, साखर थोडी वर. मी त्यांनाही चार्ट लावला. भात बंद, तांदळाची भाकरी बंद. सकाळी भिजवलेल्या बिया, दुपारी कच्चं सॅलड आणि मोड आलेले मूग, संध्याकाळी भाजलेले चणे. नवरा दोन दिवसांत पळाला. “मी स्टेशनवर खाऊन येईन,” म्हणाला. बाबा मात्र एका शब्दानं बोलले नाहीत. मी ताट वाढायची, फोटो काढायची, ग्रुपवर टाकायची आणि ऑफिसला पळायची.

तीन महिन्यांत बाबांचं सात किलो वजन उतरलं. ग्रुपवर जल्लोष झाला. मॅडमनी मेसेज टाकला, ‘अंकल, यू आर अमेझिंग! आपल्या सगळ्यांची इन्स्पिरेशन!’ मग त्यांना व्हिडिओ हवा झाला. मी बाबांना इस्त्रीचा शर्ट घालून सोफ्यावर बसवलं.

“बाबा, कसं वाटतं ते सांगा.”

“बरा हाय. हलका वाटतंय,” बाबा तोंडावर हात धरून म्हणाले.

“हात काढा ना!”

त्यांनी हात काढला, ओठ घट्ट मिटले आणि कॅमेऱ्याकडे बघत राहिले. अंकलची स्माईल किती डिग्निफाइड आहे, असं मॅडमनी लिहिलं. मीही खाली लाल बदाम टाकला.

पुढच्याच आठवड्यात खडवलीला आत्याकडे जेवायला गेलो. आत्या बाबांहून चार वर्षांनी मोठी, आवाज अजून खणखणीत. तिनं बाबांना दारातच आपादमस्तक न्याहाळलं आणि विचारलं, “आजारी हायेस?”

“नाही गं आत्या, डाएट चालू आहे त्यांचं. सात किलो कमी झाले!” मी अभिमानानं सांगितलं.

आत्यानं माझ्याकडे असं बघितलं की मी पाण्याचा तांब्या शोधायला लागले.

जेवायला मऊ भात आणि ओल्या बोंबलांचं कालवण. बाबांनी भात कालवणात कुस्करला आणि खायला लागले. दुसऱ्यांदा घेतला. तिसऱ्यांदा घेतला. “बाबा, चार्ट,” मी हळूच म्हटलं. ते थांबले नाहीत. बोंबील तोंडात ठेवून जिभेनं दाबत होते, डोळे मिटलेले. कुरकुरीत पापड ताटाच्या कडेला तसाच. भाकरीला तर हातही लावला नव्हता.

आत्याच्या ते लक्षात आलं. ती त्यांच्या समोर येऊन बसली.

“तोंड उघर.”

“जेवू दे गो.”

“उघर म्हनतंय ना!”

शहात्तर वर्षांच्या माझ्या बापानं धाकट्या भावासारखं तोंड उघडलं. वरची कवळी जागेवर होती. खाली नुसत्या हिरड्या.

“खालची कवली कुठं हाय?”

“फुटली.”

“कवा?”

“झालं दोन-अडीच महिनं,” बाबा ताटाकडे बघत म्हणाले. “चनं खाताना.”

माझेच चणे. चार्टमधले, संध्याकाळचे, मूठभर.

आत्या माझ्याकडे वळली. “तुज्या घरान मानूस जेवतो का चरतो?”

माझ्या फोनमध्ये बाबांच्या ताटांचे शंभराच्या वर फोटो होते. काकडीच्या चकत्या कशा गोल मांडलेल्या, लिंबाची फोड कुठल्या कोनात ठेवलेली, सगळं मला पाठ होतं. त्या ताटासमोर बसलेल्या माणसाच्या तोंडात दात आहेत की नाहीत, हे मात्र मला माहीत नव्हतं. ताट फोटोपुरतं भरलेलं असायचं. पुढे त्याचं काय व्हायचं, तेही नंतर कळलं. बाबा गाजरं आणि काकड्या पिशवीत भरून फिरायला जाताना खाली न्यायचे आणि गेटवरच्या वॉचमनला द्यायचे. त्याला वाटायचं, आमच्या घरात भाजी जास्त होते.

परत येताना मी विचारलं, “बाबा, मला सांगितलं का नाहीत?”

“तू खूश व्हतीस,” ते म्हणाले. “सगली तुजी वाहवा करत व्हती. मी कशाला मदी बोलू?”

मला रडू यायला हवं होतं. आला तो संताप. आधी मॅडमचा, मग बाबांचा, आणि कळवा येईपर्यंत उरला तो फक्त माझाच.

दुसऱ्या दिवशी आमच्या डॉक्टरांनी बाबांना तपासलं. माझा चार्ट वाचून त्यांनी तो घडी करून मला परत दिला. “आजोबा उपाशी आहेत. साखर कमी झाली म्हणून खूश होऊ नका. पोटात काही गेलं नाही तर कोणाचीही होईल.” मोजका भात, मऊ भाजी, मासे, डाळ, आणि आधी कवळी, असं त्यांनी सांगितलं.

मी मॅडमना फोन करून सगळं सांगितलं आणि व्हिडिओ काढून टाकायला सांगितला. त्या म्हणाल्या, “पण मॅम, रिझल्ट तर रिअल आहे ना?” मी फोन ठेवला आणि ग्रुपमधून बाहेर पडले. मला निगेटिव्हिटी झेपली नाही, अशी ऑफिसात चर्चा झाली. होऊ दे.

कवळी यायला पंधरा दिवस लागले. तोवर मी रोज मऊ भात केला. तांदळाची भाकरी मला नीट जमत नाही, कडेला चिरते, तरी केली, दुधात कुस्करून दिली. पहिल्या दिवशी बाबांनी मुकाट्यानं खाल्ली. दुसऱ्या दिवशी ताट पुढे सरकवलं.

“काय झालं?”

“मीठ नाय. न् भाकर कच्ची हाय.”

आता नवी कवळी बसलीय आणि बाबा रोज काहीतरी खोड काढतात. कालवण पातळ, मासा शिळा, नाचणीचं सत्त्व म्हणजे लेकरांचं खाणं. माझं डोकं फिरतं, मीही उलट बोलते आणि स्वयंपाकघरात भांडी आपटते. मग ते जे मागतात ते करते.