एक अक्षर कितीदा वापरायचं?

मित्रमैत्रिणींनो, पालघरच्या इंग्रजी शब्दस्पर्धेसाठी बोईसरच्या आमच्या वाचनालयाने माझी निवड केली, असं मी कालच्या ई-मेलमध्ये लिहिलं. ते चूक होतं. जागा एकच आहे, आणि सालवडची संगीता आणि मी अजून बरोबरीत होतो.

निकाल आज लागायचा होता. वाचनालयाच्या बाईंनी फळ्यावर टी, आर, ई, ए ही अक्षरं लिहिली. त्यांतून शब्द शोधायचे. संगीताने ‘ट्री’ लिहिलं.

मी म्हटलं, “ई एकच आहे. दोनदा कसा घेतलास?”

“तुज्या घरी अक्षरं मोजून देतात काय गं?” ती म्हणाली. सगळे हसले. मीही हसले.

कारण खरंच मोजून देत! चिंचणीला आमची चिकूची वाडी आहे. मी शाळेत जायच्या आधी आबा चिकूच्या मोडक्या पेट्यांच्या, एकेक इंग्रजी अक्षर छापलेल्या फळ्या अंगणात मांडून मला शब्द शिकवत. एक फळी दोन ठिकाणी ठेवता येत नाही, म्हणून एक अक्षर एकदाच. घरचा हा नियम मी साऱ्या जगाचा समजत होते.

पालघरचा नियम बाईंनाही ठाऊक नव्हता. अक्षर एकदाच घ्यायचं असेल तर ‘ट्री’ बाद आणि मी जाणार, कितीदाही चालत असेल तर संगीता.

“मी विचारून येते,” मी म्हटलं.

“आन् येऊन खोटं बोललीस तर?”

“मग तूही चल.”

तुम्ही घरी कसे खेळायचात? नक्की कळवा. नियम कुठलाही निघो, मला तो मान्य आहे. येत्या गुरुवारी सकाळी आम्ही दोघी पालघरला जाणार आहोत.