रोतियाच्या नळाचं कुलूप

पॅसिफिक महासागरातल्या आमच्या किरिबास बेटांची माहिती कुठल्याही पुस्तकात अर्ध्या पानात मावते. समुद्र अफाट, जमीन नावापुरती. उत्पन्नाच्या बाबी तीन: आमचे मासे धरू दिल्याबद्दल परकी जहाजं देतात ते, सुकं खोबरं, आणि परक्या जहाजांचे डेक घासून आमची मुलं घरी पाठवतात ते. चौथी बाब पुस्तकवाल्यांना सापडत नाही. ती म्हणजे बुबुसी. नातलगानं हा शब्द उच्चारून काही मागितलं, की द्यायचं. शर्ट असो, सायकल असो. नाही म्हणायची पद्धत नाही. त्यामुळे आमच्यात श्रीमंत फार दिवस कोणी राहत नाही.

रोतियाचा मुलगा असाच जहाजावर. त्याच्या पगारातून तिच्या दारात पावसाच्या पाण्याची टाकी आली. यंदा पाऊस फिरकला नाही आणि विहिरी खारट झाल्या. लेक आना नुकतीच बाळंत झालेली. विहिरीच्या पाण्यानं बाळाला जुलाब लागले. लगूनच्या, म्हणजे बेटाच्या कड्यातल्या उथळ समुद्राच्या, पलीकडच्या दवाखान्यातून नर्सचा निरोप आला: टाकीचंच पाणी द्या, तेही उकळून. टाकीत तळाशी होतं तेवढंच.

लोक बादल्या घेऊन यायचे, रोतिया द्यायची. मग एका सकाळी तिनं नळाला कुलूप घातलं. आमच्या घरांना भिंतीसुद्धा नसतात. सगळं गाव कुलूप बघायला आलं.

चुलतभाऊ बुरेइमोआ तेवढा बादली घेऊन आला.

“रोतिया, बुबुसी. एक बादली.”

“नाही, दादा.”

“काय म्हणालीस?”

“नाही म्हणाले.”

“बरं झालं. मला वाटलं, कान गेले माझे.” तो हलला नाही. “डुकरांसाठी नाही मागत गं. घरात म्हातारी आहे.”

“तुझी म्हातारी जन्मभर प्यायली. माझा नातू अजून प्यायला शिकतोय.”

तो रिकामी बादली घेऊन गेला. त्यानंतर तिच्याकडे कोणी पाणी मागायला आलं नाही, आणि मासळीचा वाटाही आला नाही.

आठवड्याच्या आत बाळाची टाळू खोल गेली. रडणंही थांबलं. दवाखाना गाठायला हवा होता, आणि गावात चालू इंजिनाची होडी एकच, बुरेइमोआची.

तो जाळं सांधत बसला होता. “दादा, बुबुसी,” रोतिया म्हणाली. “होडी.”

“घे. नाही म्हणायचं काम तुम्हा कुलूपवाल्यांचं, आमचं नाही.” त्यानं जाळं खाली ठेवलं. “पेट्रोल मात्र नाही. मेहुण्यानं मागून नेलं.”

“मग?”

“मग काय. मागायचं.”

तो बाटली घेऊन घरोघर फिरला. कोणी घोटभर दिलं, कोणी ओंजळभर. मेहुण्यानं त्याचंच पेट्रोल त्याला उपकार केल्यासारखं परत दिलं. तोवर इकडे रोतियानं कुलूप काढलं होतं. कोणी मागितलं नव्हतं. म्हातारीचं भांडं आधी भरलं, मग पेट्रोल देणाऱ्यांच्या बादल्या. नळ थुंकायला लागला तेव्हा उरलेलं तिनं उकळून बाळाच्या बाटलीत भरलं.

“पोचू ना?” होडीत बसताना आनानं विचारलं.

“पेट्रोल नेईल तिथवर जाऊ,” बुरेइमोआ म्हणाला. “पुढे वल्ही आहेत.”

पेट्रोल निम्म्या वाटेतच संपलं. एक वल्हं त्यानं घेतलं, दुसरं रोतियानं. आना बाटलीत बोट बुडवून बाळाच्या ओठांवर फिरवत राहिली. बाळ कधी चाटायचं, कधी नाही.