खंडेनवमीचं पाणी

आमच्या धंद्यात किस्से शोधावे लागत नाहीत. गिऱ्हाईक गाडीत घालूनच घेऊन येतं. गाडी दुरुस्त होऊन जाते, किस्सा आमच्याकडंच राहतो. चौदा वर्षांत इतके साठलेत की बायको म्हणते, "जेवताना तरी दुकान बंद ठेवा."

दुकान सोलापुरात, मी आणि माझे पार्टनर इलियासभाई. गाडीचा ईसीएम, म्हणजे इंजिन कधी किती पळवायचं हे ठरवणारा इलेक्ट्रॉनिक डबा, तो बिघडला की आमच्याकडं येतो. आम्ही त्याला नुसतं 'बॉक्स' म्हणतो.

आमचा सीझन दसऱ्यानंतर. खंडेनवमीला गाडीची पूजा करायची, आणि पूजा म्हटलं की आधी आंघोळ आलीच. बाहेरून घाला की किती घालायची ती! पण आपली माणसं लई श्रद्धाळू. बॉनेट उघडून थेट इंजिनावर पाइप धरतात. पाणी बॉक्समध्ये शिरतं. दसऱ्याला सोनं वाटायला निघावं म्हणून सेल मारला की गाडी गप्प.

आणि "पाणी मारलं होतं का?" असं विचारलं की सगळ्यांचं उत्तर एकच. "छे, पाणी कुठलं?" आम्ही समोरच बॉक्स उघडतो, आतून पाणी टपकतं, आणि मालक वर छताकडं बघतो. इलियासभाई म्हणतात, "पानी सबकी गाडी में मिलता, पन पानी का वारिस कोई नै."

*

एक गुरुजी आले होते. बॉक्स कापडी पिशवीत. कुणीतरी त्यांना सांगितलेलं, भिजलेला मोबाईल तांदळात ठेवतात. यांच्या घरी तांदूळ किलोभर आणि ज्वारी चार पोती. त्यांनी बॉक्स ज्वारीच्या पोत्यात पुरून ठेवला, चांगला चार दिवस.

"पाण्याचा थेंब लागलेला नाही," गुरुजी म्हणाले. "खबरदारी म्हणून ठेवला."

मी वायरिंगच्या सॉकेटमध्ये बॅटरी मारून बघितलं. आत ज्वारीचे तीन दाणे अडकलेले, आणि तिन्हींना मोड आलेले.

"गुरुजी," मी म्हटलं, "मग ही पेरणी कोरडवाहू म्हणायची का?"

*

एका कारखानदारांनी तर शपथच घेतली. चादरीचा कारखाना, माणूस सज्जन. "इंजिनला पाणी लावलेलं नाही. फक्त नारळ फोडला."

"कुठं फोडला?"

"इंजिनवरच. पण ते नारळाचं पाणी आहे."

"मालक, पवित्र असलं तरी ओलं असतंय की."

*

आता, बॉक्स बदलला म्हणजे काम झालं असं नसतं. बॉक्सची आणि किल्लीची आतून ओळख असते. दुसऱ्या गाडीचा बॉक्स लावला, तर तो ही किल्ली ओळखत नाही आणि इंजिन चालू होऊ देत नाही. म्हणून जुन्या बॉक्समधला डेटा काढून दुसऱ्यात भरावा लागतो. हेच आमचं प्रोग्रामिंग.

अक्कलकोटकडच्या एकानं दुसऱ्याच गाडीचा बॉक्स आणून घरीच बसवला. गाडी चालू होईना. मी त्याला किल्लीचं सगळं समजावून सांगितलं. तो ऐकून घेऊन रागानंच म्हणाला, "आवो, पण सख्ख्या मेव्हण्याच्या गाडीचा हाय की! तरी वळखीना?"

*

गेल्या दसऱ्यानंतरचा शुक्रवार. मोडनिंबच्या संगीताताई टेम्पोला बांधून गाडी घेऊन आल्या. सोबत त्यांचे मालक, हणमंतभाऊ. भाऊंचं आठवड्यातून दोनदा डायलिसिस, सोलापुरात. जाताना एसटी चालते, पण येताना त्यांना बसवत नाही. म्हणून ताई चाळिशीत गाडी चालवायला शिकल्या. उद्या सकाळीच भाऊंचा नंबर होता.

मी सवयीनं विचारलं, "पाणी मारलं होतं का?"

"व्हय," ताई म्हणाल्या. "म्याच मारलं. पाइप लावून धुतलं. चूक माजी हाय."

मी इलियासभाईंकडं बघितलं. त्यांच्या हातातला पाना खाली पडला.

बॉक्स उघडला. पिना हिरव्या पडलेल्या, खालची बाजू जळालेली. बॉक्स कामातून गेला होता. त्याच नंबरचा दुसरा बॉक्स आमच्याकडं होता, ठोकलेल्या गाडीतनं काढलेला. प्रश्न एवढाच होता की जुन्यातली मेमरी वाचता येते का. नाही आली तर नवा मागवायचा, म्हणजे आठ दिवस.

इलियासभाईंनी चिप साफ करून मशीनला लावली. मशीननं वाचली नाही. परत साफ केली, परत नाही. ताई दवाखान्यात फोन लावायला बाहेर गेल्या, एक दिवस पुढं ढकलता येईल का विचारायला.

तेवढ्यात भाऊ काउंटरशी आले. "सायेब, तिनं न्हाय धुतली. मी धुतली. दुसरं काय हुतंय माझ्याच्यानं? म्हटलं, एवढं तरी करावं. पण मी सांगितलं म्हणून तिला सांगू नका."

मी मान हलवली आणि इलियासभाईंच्या शेजारी जाऊन बसलो.

तिसऱ्यांदा मशीननं मेमरी वाचायला घेतली. आमच्याकडं नियम आहे, डेटा चालू असताना कुणी बोलायचं नाही, कुणी टेबलाला हात लावायचा नाही. ताई दारात येऊन उभ्या राहिल्या. कुणाला काही सांगावं लागलं नाही. डेटा निघाला, दुसऱ्या बॉक्समध्ये भरला, बॉक्स गाडीत बसवला.

"ताई, मारा सेल."

गाडी पहिल्या झटक्यात चालू झाली. भाऊ बॉनेटवर तळहात ठेवून बराच वेळ तसेच उभे होते. इलियासभाई म्हणाले, "अब्बी बंद मत करो, चलने देव जरा." त्यांचेही डोळे भरले होते, पण ते कबूल करणार नाहीत.

शनिवारी संध्याकाळी ताईंचा फोन आला. डायलिसिस झालं होतं, दोघं गाडीनंच घरी पोचले होते. "आमच्या आत्याबाई बोलत्यात," म्हणून त्यांनी फोन सासूकडं दिला. म्हातारी ऐंशीच्या घरातली. आधी भरपूर आशीर्वाद दिले. मग म्हणाली, "थांब, जरा बाहीर येती."

दार ओढून घेतल्याचा आवाज आला.

"लेकरा, त्या दोगास्नी काय बोलू नगंस. त्यांची काय चूक न्हाय. गाडी म्या धुतली."

"व्हय का आजी? मग बॉनेट कसं उघडलं तुम्ही?"

म्हातारी हळूच म्हणाली, "बॉनेट म्हंजी काय रं, बाबा?"