सहा खाटा

चार मार्चला सहा खाटांचे महिना बेचाळीसशे रुपये भाडे ठरले. हजर तिघे होतो: मी, माझी पत्नी आणि बिहारहून आलेले चाचा. चाचा एमआयडीसीतल्या सळईच्या कारखान्यात भट्टीवर काम करतात. त्यांना आणि त्यांच्या सोबत्यांना आमच्या जुना जालन्यातल्या घराची वरची खोली हवी होती. खाटा माझ्या, म्हणून भाडे खाटेवर, सातशे रुपये एक. मी तसे वहीत लिहिले, चाचांनी खाली सही केली. टँकरचे पाणी माणशी वाटून घ्यायचे ठरले. आम्ही चार, ते सहा, टँकर आठशेचा, माणशी ऐंशी.

वरच्या खोलीचा जिना मागच्या बाजूला आहे. रात्री फाटकाला कडी घालायला जातो तेव्हा जिन्यापाशी चपलांचे सहा जोड असत. मला मोजायची सवयच आहे. रविवारी दुपारीही सहाच. हिशेब बराबर.

पाण्याचा हिशेब मात्र बसेना. सोळा दिवस पुरायचा टँकर दहा दिवसांत संपू लागला. चाचांना विचारले तर म्हणाले, "साहब, लोहे का काम है. एक बाल्टी में आदमी साफ नहीं होता." एक माणूस दोघांचे पाणी घेतो असे धरले, तर गणित तंतोतंत जमत होते. मी तसेच धरले आणि समाधानाने वही मिटली. दीड महिन्यात खाटांच्या पट्ट्या झोळीसारख्या लोंबल्या, त्याचा राग पट्टी विकणाऱ्या दुकानदारावर काढला.

चोवीस एप्रिलला भट्टीच्या दुरुस्तीसाठी कारखाना दोन दिवस बंद झाला. त्या संध्याकाळी जिन्यापाशी चपलांचे बारा जोड होते. पुन्हा मोजले. बाराच.

वर गेलो. सहा दिवसपाळीचे, सहा रातपाळीचे, सगळे भिंतीला टेकून बसलेले. एक उठून कामावर गेला की दुसरा येऊन त्याच खाटेवर आपली चादर अंथरायचा. खाट कधी थंडच व्हायची नाही.

"सहाजणांनी आत्ताच्या आत्ता खोली सोडायची," मी म्हणालो. रातपाळीवाले वळकट्या बांधू लागले. कारखान्याजवळ एका माणसाला दीड हजार मागतात. तेवढे दिले तर गावी पाठवायला काय उरणार, असे त्यांच्यातला एकजण दुसऱ्याला हळूच म्हणाला.

चाचा पुढे झाले. "साहब, एक बार अपनी कॉपी देख लीजिए."

मी वही आणली. भाड्याच्या ओळीत माणसांचा आकडाच नव्हता. सहा खाटा, माझ्याच अक्षरात.

"सातवीं खाट हमने कभी माँगी?"

मी खालच्या, पाण्याच्या ओळीवर बोट ठेवले. तिथे 'ते सहा' होते. चाचांनी दोन्ही कान पकडले. "ये झूठ हमारा. बिलकुल हमारा."

माझी पत्नी जिन्यात उभी राहून ऐकत होती. "अहो, दीड महिना चपला मोजल्या तुम्ही. एकदा वर येऊन तोंडं मोजली असती तर?"

"पण आज बाराजण झोपणार कुठं?"

"गच्ची काय भाड्यानं द्यायची राह्यली का? झोपू द्या की!"

वळकट्या सुटल्या त्या गच्चीवर. मजा अशी की एकाच खाटेचे जोडीदार एकमेकांशी धड कधी बोललेही नव्हते. पाळी बदलताना रस्त्यात हात हलवायचा, एवढीच भेट. एकाने दुसऱ्याला विचारले, "तकिये के नीचे बीड़ी तू रखता है?"

"और पीता तू है! मैं समझा चूहा ले जाता है."

रात्री त्यांनी लिट्टी भाजली. आमच्या चौघांसाठी ताट खाली आले. म्हणजे त्यांचा स्वयंपाक सोळांचा होता, आणि माझी वही अजून दहावरच होती.

सकाळी मी ती दुरुस्त केली. खोली त्यांचीच, भाडे तेच. पाणी सोळा माणसांत, माणशी पन्नास. आतापर्यंतच्या पाच टँकरांत आमच्याकडून एकशेवीस रुपये दरवेळी जास्त गेले होते. चाचांनी बाराजणांकडून पन्नास-पन्नास गोळा करून सहाशे रुपये माझ्या हातावर ठेवले. मी मोजून घेतले.

पण बारा माणसांना लोंबत्या खाटा देऊन खाटेमागे सातशे घेणेही मला बरे वाटेना. त्याच दुपारी पट्टी आवळणाऱ्याला बोलावले. शंभर रुपये खाट, सहा खाटांचे सहाशे, त्याला रोख दिले. चहाचे वीस पत्नीने स्वतःच्या पैशातून दिले.